काकांनी न दिलेली सही

मला त्या माणसाचा अजून राग येतो. मधे पस्तीस वर्षं गेली, माझे दोन्ही गुडघे बदलून झाले, मुलीची मुलगी हायस्कूलला गेली, तरी येतो. परवा मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी म्हणालं, "काका म्हणजे देवमाणूस होता हो," आणि मी हातातली प्लेट इतक्या जोरात टेबलावर ठेवली की भेळ सांडली. नवरा म्हणाला, "अगं, सोड ना आता." का सोडू? अकाउंटंटचं लायसन्स माझं गेलं होतं, नवऱ्याचं नाही.

काका म्हणजे शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आम्हा सगळ्या मराठी लोकांचे काका. माझ्यापेक्षा फार तर पंधरा वर्षांनी मोठे, आवाज खणखणीत, कुणाचं विमान उतरलं की एअरपोर्टवर स्टेशन वॅगन घेऊन हजर. आम्ही देशातून आलो तेव्हा अपार्टमेंट मिळेपर्यंत दोन महिने त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. काकूंनी मला वॉशिंग मशीन लावायला शिकवलं, स्वतःचा जुना कोट दिला, मुलीच्या वेळी डॉक्टरकडे त्याच घेऊन गेल्या. हे मी नाकारत नाही. नाकारलं तर जीभ झडेल माझी.

काकांची अकाउंटिंगची छोटी फर्म होती, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर. काका, एक अमेरिकन सेक्रेटरी आणि मी. मी पुण्याची बी.एस्सी., केमिस्ट्रीवाली. त्यांच्याकडे टायपिंग करता करता संध्याकाळच्या कॉलेजात अकाउंटिंगचे कोर्स केले आणि सीपीएच्या, म्हणजे इथल्या सीएच्या, परीक्षेला बसले. मुलगी तेव्हा दीड वर्षाची. कायद्याच्या पेपरात दोनदा आपटले. तिसऱ्यांदा पास झाले, लायसन्स पोस्टानं घरी आलं, त्या दिवशी मी ते टेबलावर ठेवून नुसती बघत बसले. भात करपला तरी उठले नाही. या देशात फक्त माझ्या नावानं आलेला तो पहिला कागद. बाकी सगळीकडे मी कुणाची तरी वाइफ होते.

त्याच सुमाराला, म्हणजे ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा, अकाउंटंट लोकांच्या संघटनेनं पीअर रिव्ह्यूची टूम काढली. दुसऱ्या फर्मचा अकाउंटंट येणार, तुमच्या जुन्या ऑडिटच्या फायली उघडून बघणार, काम नीट केलंय की नाही ते लिहून देणार. पण तो निकाल फर्मकडे आणि संघटनेकडेच राहायचा. आमची लायसन्सं ज्याच्या हातात, त्या स्टेटच्या बोर्डाला तो मिळायचा नाही. फर्मच्या मालकानं लेखी परवानगी दिली तरच. यावरून मीटिंगांमध्ये रणं माजायची. एकदा काकांबरोबर मी अशा एका डिनरला गेले होते. एक माणूस उभा राहून म्हणाला, निकाल सरळ बोर्डाला पाठवा, लपवायचं काय त्यात. त्याला लोकांनी बोलू दिलं नाही. काकांनी विरोध करणाऱ्यांसाठी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या. आपल्या घरात बाहेरच्यानं डोकावू नये, एवढंच मला कळत होतं.

आमच्या फर्मचा रिव्ह्यू ठरला. माणूस यायच्या आधीच्या आठवड्यात काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नऊ फायली. प्रत्येक ऑडिटच्या फायलीत एक लांबलचक छापील चेकलिस्ट असते. बँकेला पत्र पाठवून विचारलं का, उत्तर आलं का, कमिटीच्या मीटिंगांची मिनिट्स वाचली का, असे प्रश्न. काम होत जाईल तशी ती भरायची, पुढे आपली इनिशियल्स आणि तारीख घालायची. काकांनी एकही भरलेली नव्हती. "मी डोक्यात करतो सगळं," असं म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "चल पोरी, जर्नलं पूर्ण करायचीत."

आता हे अमेरिकन माणसाला कसं समजावणार सांगा. आपल्याकडे सायन्सला गेलेल्या कुणालाही विचारा. वर्षभर प्रॅक्टिकलचं जर्नल कोरं. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कुणातरी हुशार मुलीचं जर्नल पळवून आणायचं आणि सगळ्यांनी बसून उतरवायचं. जुलै-ऑगस्टच्या तारखा मार्चमध्ये घालायच्या. न केलेल्या प्रयोगाची रीडिंग्ज लिहायची. सरांना माहीत असतं, सर सही करतात, सगळे पास होतात. यात पाप आहे असं मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. काकाही आधी सायन्सवालेच. त्यांनी जर्नल म्हटलं आणि मी लगेच बाह्या सरसावल्या.

"वेगवेगळी पेनं घे हं," काका म्हणाले. "एकाच पेनानं लिहिलं की सरांना कळतं."

आम्ही दोघं खो खो हसलो. तीन दिवस ते सांगत होते, मी लिहीत होते. तारखा दोन वर्षांपूर्वीच्या, इनिशियल्स माझी. माझी का? तर म्हणे मालकानंच काम केलं आणि मालकानंच तपासलं असं बरं दिसत नाही. करणारी तू, तपासणारा मी. त्यातल्या निम्म्या क्लायंटांचं दारसुद्धा मी पाहिलं नव्हतं. काकूंनी डब्यात साबुदाण्याची खिचडी पाठवली होती, ती खात खात मी टिक करत होते. मला मजा येत होती. लिहिताना आज अंगावर काटा येतो, पण येत होती.

रिव्ह्यूला आलेला माणूस उंच, पोक काढून चालणारा म्हातारा होता. काकूंनी त्याच्यासाठी केलेले समोसे त्यानं हातही न लावता, थँक यू म्हणून परत केले. काकांचा चेहरा तिथेच पडला. दुसऱ्या दिवशी काका बाहेर गेलेले असताना त्यानं मला आत बोलावलं. समोर एका चर्चच्या डे-केअरची फाइल होती. त्यानं चेकलिस्टच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात तो फॉर्म कोणत्या वर्षी छापला ते लिहिलेलं होतं. मी घातलेली तारीख त्याच्या आधीची होती. जो फॉर्म अजून छापखान्यात गेलाच नव्हता, तो मी भरून बसले होते. आमच्या जर्नलांच्या तळाशी असलं काही छापलेलं नसायचं हो.

"हे कधी भरलंस?" त्यानं विचारलं.

"मागच्या आठवड्यात."

"काम तू केलं होतंस?"

"नाही. बॉसनं केलं होतं."

"मग तुला भरायला कुणी सांगितलं?"

"बॉसनं."

तो चिडला नाही, आवाज चढवला नाही. पॅडवर सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि मला जायला सांगितलं. संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "थोडं डोकं वापरायचं होतंस." फॉर्म त्यांनीच आणून दिले होते, बरं का.

महिन्याभरानं रिपोर्ट आला. पोस्ट मीच उघडायचे, म्हणून आधी मी वाचला. फर्म नापास. डे-केअरच्या ऑडिटमध्ये बँकेला पत्र गेल्याचा काहीही पुरावा नाही, आणि चेकलिस्टा मालकाच्या सांगण्यावरून एका कर्मचाऱ्यानं नंतर भरल्या, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. काकांनी तो दोनदा वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली फिरवली. मला सांगितलं, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मूर्ख! मला वाटलं, वाचलो.

पुढच्या वसंतात चर्चच्या कमिटीनं बोर्डाकडे तक्रार केली. काकांच्या ऑडिट रिपोर्टमध्ये बँकेतलं जे खातं चालू दाखवलं होतं, ते केव्हाच बंद झालेलं होतं. बँकेला एक पत्र टाकलं असतं तर पंचवीस सेंटांत कळलं असतं. बोर्डानं काकांकडे फाइल मागितली. काकांनी पाठवली. 'बँकेला पत्र पाठवले: होय', पुढे माझी इनिशियल्स. आणि वर स्वतःचं पत्र जोडलं की हे काम माझ्या एका कर्मचारी बाईंनी केलं, मी त्यांच्यावर विश्वास टाकला, त्या आता आमच्याकडे नाहीत. ज्या दिवशी ते पत्र टाइप झालं त्या दिवशी मी तिथेच होते, दहा पावलांवर, कुणाचातरी टॅक्स रिटर्न करत. संध्याकाळी काका म्हणाले, "थोडे दिवस घरी बस, वातावरण निवळू दे." मी त्यांना थँक यू म्हटलं. म्हटलं, केवढी काळजी माझी!

आठवड्यानं बोर्डाची नोटीस माझ्या घरी आली, सोबत काकांच्या त्या पत्राची कॉपी. तुमचं लायसन्स का काढून घेऊ नये याचं उत्तर द्या. मी किचनच्या फरशीवर बसून ते पत्र वाचलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी कागदावर पाहिल्या.

मी खोटं लिहिलं होतं, हे कबूल. त्याची शिक्षा व्हायला हवी होती, तेही कबूल. पण डे-केअरचं काम मी केलेलं नव्हतं आणि ते खोटं माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. हे सिद्ध करणारा कागद सगळ्या अमेरिकेत एकच होता, आणि तो काकांच्या ड्रॉवरमध्ये होता. मी त्या म्हाताऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या ऑफिसात आलो होतो हेसुद्धा मला बोलता येत नाही." संघटनेत फोन केला. कॉन्फिडेन्शियल. त्यांनी फोन दुसऱ्या टेबलावर दिला, तिथेही कॉन्फिडेन्शियल. बोर्डाच्या वकिलाला म्हटलं, तुम्ही मागवा. तो म्हणाला, आम्हाला तो अधिकारच नाही, मालकानं संमती दिली तर आनंदानं वाचू. आणि एका पानाचा संमतीचा फॉर्म पाठवून दिला. खाली एका सहीची जागा.

शनिवारी दुपारी तो फॉर्म घेऊन आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो. काकूंनी काही झालंच नाही अशा थाटात पोहे पुढे केले. मी प्लेट सरकवली. माझा नवरा, धन्य तो, पोह्यांवर लिंबू पिळत होता.

"काका, इथे सही करा."

"बस आधी. चहा घे."

"सही करा, मग घेते."

त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. "हा रिपोर्ट बोर्डाकडे गेला तर माझं ऑफिस बंद होईल. कळतंय का तुला?"

"आणि नाही गेला तर माझं लायसन्स जाईल."

"तुझा नवरा इंजिनिअर आहे, पोरी. तुला काय कमी आहे? वर्ष-सहा महिने घरी बसशील, मुलीकडे बघशील. माझी दोन मुलं कॉलेजला आहेत."

"म्हणून माझ्या नावावर खपवलंत?"

"पेन कुणाच्या हातात होतं?" काका म्हणाले. आवाज अगदी शांत. "मी तुझा हात धरला होता का?"

 तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगं, दोन महिने राहिलात तुम्ही आमच्याकडे. कधी काही मागितलं का आम्ही?"

"आता मागताय ना!" मी ओरडलेच. "व्याजासकट मागताय! सांगा ना, दोन महिन्यांचं भाडं किती होतं ते, आत्ता चेक फाडते."

"बघ, बघ कशी बोलतेय," काका काकूंना म्हणाले, जणू मी तिथे नव्हतेच. मग माझ्याकडे वळले. "हे बघ, आपलं भांडण आपल्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची. गोऱ्यांपुढे उघडायची गरज नाही."

"मूठ तुमची आहे, काका. पण आत बोटं माझी चिरडतायत."

काकांनी फॉर्मची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, आणि तो माझ्या चहाच्या बशीखाली सारून ठेवला. "चहा गार होतोय," म्हणाले. मी उठले. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे यार, वयानं मोठा माणूस आहे." मी त्याच्याशी सोमवारपर्यंत बोलले नाही.

त्यानंतर मंडळातले फोन बंद झाले. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, यादीतून आमचं नाव गळलं. ग्रोसरीच्या दुकानात एक बाई मला बघून डाळींच्या रांगेतून मागे फिरली. माझ्यापर्यंत आलं ते असं की मी काकांच्या फर्मचं नाव घालवलं, त्यांनी पोटच्या पोरीसारखं ठेवलं तरी उलटले. कुणाला काय सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

सुनावणी शिकागोच्या एका सरकारी इमारतीत झाली. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं आणि वकील. मी काहीही लपवलं नाही. फायली, तारखा, पेनं, सगळं सांगितलं. जर्नल म्हणजे काय तेही सांगायला गेले, पण त्यांचे चेहरे बघून मधेच थांबले. एकानं विचारलं, "मालकानं सांगितलं याचा काही पुरावा?"

"आहे," मी म्हटलं. "त्याच्या ड्रॉवरमध्ये. किल्ली त्याच्याकडे आहे आणि कायदा त्याच्या बाजूनं आहे."

तो माणूस म्हणाला, आम्हाला खेद आहे, पण आमचे हात बांधलेले आहेत. माझं डोकंच फिरलं. मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं, "आमच्या शाळेत नापास झालेल्या मुलाला विचारून प्रगतिपुस्तक घरी पाठवत नसत. तुम्ही लायसन्स देता, काढून घेता, आणि नापासाचा निकाल बघायला नापासाचीच परवानगी मागता? लाज नाही वाटत?" शेवटचं वाक्य मराठीत गेलं, तेवढं बरं झालं.

वकिलानं घसा साफ केला. "ते तुमचे नातेवाईक आहेत का?"

"नाही."

"त्यांनी धमकी दिली होती? नोकरीवरून काढीन वगैरे?"

"नाही."

"मग तुम्ही ते का लिहिलंत?"

मी बेसमेंट सांगितलं, एअरपोर्ट सांगितलं, काकूंचा कोट सांगितला. तो पेन टेबलावर ठेवून ऐकत राहिला. त्यातलं त्यानं काहीही लिहून घेतलं नाही.

माझं लायसन्स एका वर्षासाठी गेलं. ते बोर्डाच्या पत्रिकेत छापून आलं, पूर्ण नाव, गाव, गुन्हा काय, सगळं. ती पत्रिका स्टेटमधल्या प्रत्येक अकाउंटंटच्या घरी फुकट जाते. काकांना म्हणे एक खासगी पत्र गेलं, कर्मचाऱ्यांवर नीट देखरेख ठेवा म्हणून. त्यांचं नाव कुठे छापलं नाही. मी ते पान फाडून बारीक तुकडे केले, तरी शेजारच्या बिल्डिंगमधल्या अकाउंटंटकडे ते होतंच.

पत्रिका येऊन दोन आठवडे झाले असतील. सकाळी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून मी घरात आले तर फोन वाजत होता. काका. आवाज तसाच खणखणीत.

"वाचलं गं मी," ते म्हणाले. "वाईट झालं. पण वर्षाचीच तर गोष्ट आहे, हां हां म्हणता जाईल. ऐक, मी कशासाठी फोन केला. रिव्ह्यू पुन्हा लागलाय. या वेळी दुसरा माणूस येणार. सात फायली आहेत. आणि या वेळी मी चूक केलेली नाही बरं का, त्या त्या वर्षी छापलेले जुने फॉर्म मिळवलेत एका माणसाकडून. तुझं अक्षर सुबक आहे. नुसतं लिहायला काही लायसन्स लागत नाही."

"हो काका," मी म्हटलं. "कधी येऊ?"

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं. जिभेला माझी परवानगी लागली नाही. पलीकडून काका म्हणाले, "सोमवारी ये, काकू डबा देईल," तेव्हा कुठे मला माझे शब्द ऐकू आले. मी फोन आपटला आणि भिंतीला टेकून खाली बसले.  राग इतका आला होता की कुणावर आलाय तेच कळेना.

सोमवारी मी गेले नाही. पण नवऱ्यानं त्या संध्याकाळी विचारलं, "कुणाचा फोन वगैरे आला होता का गं?" मी म्हटलं, नाही. त्याला मी ते आजपर्यंत सांगितलेलं नाही.